स्कॉर्पिओ की एर्टिगा: अंबाजोगाईच्या ताईंचा प्रश्न

"सर, आम्ही अंबाजोगाईला राहतो. घरात सहा माणसं: सासूबाई, आम्ही दोघं आणि तीन लेकरं. जुनी छोटी गाडी आता पुरत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा चौदा किलोमीटरवर आहे आणि गाडी मीच चालवते. महिन्यातून एकदा सासूबाईंना दाखवायला छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. शेत केजच्या बाजूला आहे, शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. दीर म्हणतात, स्कॉर्पिओ घ्या, डिझेल स्वस्त पडतं, खर्चात एर्टिगाशी काही फरक नाही आणि शेतातही जाईल. मला एर्टिगासारखी सेव्हन सीटर बरी वाटते. आमचे हे म्हणतात, तुम्ही दोघं हिशेब करा आणि मला सांगा. पण हिशेबाला बसलं की प्रत्येक जण वेगळं मायलेज सांगतो. शोरूमवाला एक सांगतो, जाहिरातीत दुसरं असतं, शेजारी तिसरंच म्हणतात. खरा फरक किती पडतो?"

ताई, नमस्कार.

तुमच्या दिरांचं म्हणणं खोटं नाही. डिझेलची स्कॉर्पिओ-एन (स्कॉर्पिओचं नवं मॉडेल) आणि पेट्रोलची एर्टिगा शेजारी ठेवली तर वर्षाचा इंधनखर्च खरोखरच जवळजवळ सारखा येतो. पण या तुलनेत दोन गोष्टी एकदमच बदलल्या आहेत, गाडीचा आकार आणि टाकीतलं इंधन. डिझेलमुळे झालेली बचत मोठ्या आकारानं खाऊन टाकली, म्हणून बेरीज सारखी दिसते. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, म्हणून आधी तेच करू.

तुमचं वर्षाचं चालणं मी पत्रावरून धरतो. शाळेचं जाणं-येणं रोज २८ किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या आसपास. संभाजीनगरची फेरी जाऊन-येऊन सव्वाचारशे-साडेचारशे, त्याचे पाच हजार. उरलेलं लातूर, तुळजापूर, लग्नकार्य, शेत. सगळं मिळून १५,००० किलोमीटर धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लीटर धरतो, तुमच्या पंपावरचा त्या दिवसाचा भाव घालून तुम्ही ते बदला. मायलेजचे आकडे माणसं भरून, एसी लावून, गाव आणि हायवे मिळून साधारण जे हाती पडतं ते घेतले आहेत, जाहिरातीतले नाहीत.

पेट्रोल एर्टिगा लीटरला १५ देते असं धरलं तर वर्षाला १,००० लीटर, म्हणजे १ लाख ५ हजार रुपये. डिझेल स्कॉर्पिओ-एन साडेबारा देते असं धरलं तर १,२०० लीटर, म्हणजे १ लाख १० हजार. फरक पाच हजारांचा. इथपर्यंत दीर बरोबर.

आता इंधन सारखं ठेवून बघा. स्कॉर्पिओ-एन पेट्रोलमध्येही मिळते. ती आपल्या रस्त्यांवर लीटरला १० च्या आसपास येते. १,५०० लीटर, १ लाख ५७ हजार रुपये. एर्टिगापेक्षा वर्षाला पन्नास हजारांहून जास्त. उलट बाजूनं, किया कॅरेन्ससारखी डिझेलची सेव्हन सीटर घेतली आणि ती लीटरला १७ आली तर ८८० लीटर, म्हणजे ८१ हजार. डिझेल स्कॉर्पिओपेक्षा जवळपास तीस हजार कमी. उंच, जड गाडीची खरी किंमत ही आहे: तुमच्या चालण्यावर वर्षाला तीस ते पन्नास हजार रुपये. दिरांच्या तुलनेत ही रक्कम डिझेलच्या आड लपली होती.

इथं एक सवय लावून घ्या म्हणून सांगतो. तुम्ही शिकवता, तुम्हाला हे लगेच पटेल. लीटरला किती किलोमीटर, या मापानं माणूस फसतो. समजा एक गाडी १० ऐवजी १२ देऊ लागली आणि दुसरी २० ऐवजी २४. दोन्हींत वाढ वीस टक्के, आणि दुसरीत तर चार किलोमीटर वाढले, म्हणजे बचत तिथं जास्त असं वाटतं. पण शंभर किलोमीटरला किती लीटर लागले ते काढा. पहिलीचे १० लीटरवरून ८.३ झाले, म्हणजे १.७ लीटर वाचले. दुसरीचे ५ वरून ४.२ झाले, वाचले ०.८. पैसे लीटरचे द्यायचे असतात, म्हणून हिशेबही शंभर किलोमीटरला लीटर असाच धरायचा. तसा धरला की एर्टिगा ६.७, डिझेल स्कॉर्पिओ ८, पेट्रोल स्कॉर्पिओ १०. भाव घातला की शंभर किलोमीटरचे रुपये समोर येतात, आणि मग शोरूमवाला काय म्हणतो याला फारसा अर्थ उरत नाही.

हा फरक येतो कुठून? पहिली गोष्ट वजन. एर्टिगा रिकामी साधारण पावणेबारा क्विंटल भरते, स्कॉर्पिओ-एन दोन टनांच्या घरात. स्कॉर्पिओची बॉडी वेगळ्या लोखंडी चेसिसवर बसवलेली असते. एर्टिगा, कॅरेन्स या गाड्यांत बॉडी हाच सांगाडा असतो, म्हणून त्या हलक्या. शिवाय स्कॉर्पिओचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तो जोर मागे पोहोचवायला लांब शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल (जोर दोन्ही चाकांत वाटणारी गिअरपेटी) लागतो, त्यातही थोडी शक्ती जाते.

दुसरी गोष्ट, गाडी हवेला किती छाती देते. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर आणि उंची १,८५७. एर्टिगाची १,७३५ आणि १,६९०. रुंदी-उंचीचा गुणाकार करा, स्कॉर्पिओचा दर्शनी भाग सुमारे वीस टक्के मोठा निघतो. गावात तीस-चाळीसच्या वेगानं फिरताना याचं काही वाटत नाही. हायवेवर मात्र इंजिनाचं निम्म्याहून जास्त काम हवा सारण्यातच जातं.

वजनाचा खर्च कुठं दिसतो ते सांगतो. केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला जाताना गाव आलं की स्पीडब्रेकर येतो. ऐंशीच्या वेगात असलेली भरलेली गाडी तुम्ही ब्रेक दाबून थांबवता, तेव्हा तिला पळवायला जे इंधन जाळलं ते ब्रेकच्या गरमीत संपतं. पुन्हा ऐंशीवर यायला एका कटिंग चहाएवढं, चाळीस-पन्नास मिली इंधन नव्यानं द्यावं लागतं. डिझेल इंजिन लीटरमागे जास्त काम काढतं, त्यामुळे जड डिझेल गाडी आणि हलकी पेट्रोल गाडी या ठिकाणी साधारण बरोबरीत सुटतात. जड पेट्रोल गाडी मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरला दीडपट पिते. म्हणून सांगतो, एसयूव्ही घ्यायचीच ठरली तर तुमच्या चालण्याला पेट्रोलची घेऊ नका. घेताना ती थोडी स्वस्त दिसेल आणि दोन वर्षांच्या आतच ते पैसे पंपावर जातील.

गाव येण्याच्या दोनशे मीटर आधीच पाय उचलला तर यातलं पुष्कळ वाचतं, कुठलीही गाडी असो. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजिनाला जाणारं इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन जातच राहतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यात बचत शून्य आणि ब्रेकवर सगळा भार, मागे सासूबाई आणि लेकरं बसलेली. घाट गिअरमध्येच उतरा.

मांजरसुंब्याहून धुळे-सोलापूर हायवेला लागलात की पायाचा मोह वाढतो. रस्ता मोकळा, चौपदरी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, १२० वर सव्वादोनपट. ८० ऐवजी १०० नं गेलं तर गाडीनुसार शंभर किलोमीटरमागे पंधरा-वीस टक्के इंधन जास्त लागतं, आणि उंच गाडीला जास्त बाजूचं. बीड ते संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर, त्यात वाचतात वीस मिनिटं. शंभरच्या वेगानं पळवलेली एर्टिगा आणि ऐंशीनं चालवलेली डिझेल स्कॉर्पिओ, दोघींचं शंभर किलोमीटरचं इंधन जवळपास सारखं येऊ शकतं. म्हणजे गाडी निवडण्याइतकाच तुमचा पायही या हिशेबात धरावा लागतो. पुढे कधी समृद्धी महामार्गानं शिर्डीला किंवा नागपूरला गेलात, तर तिथं १२० ची परवानगी आहे म्हणून १२० च गाठायला हवेत असं नाही. नव्वद-पंच्याण्णवला गाडी निवांत जाते, टायरही कमी तापतात.

आता जाहिरातीतल्या आकड्यांबद्दल, कारण तुमचा खरा गोंधळ तिथं आहे. एर्टिगाच्या पेट्रोल मॅन्युअलचा अधिकृत आकडा २०.५१ आहे. तो खोटा नाही. पण तो प्रयोगशाळेतला आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या पद्धतीनं वीस मिनिटांहून थोडी कमी चालवतात. सरासरी वेग तासाला तीस-बत्तीस किलोमीटर, एका टप्प्यात जास्तीत जास्त ९०, एसी बंद. त्या चाचणीत केजचे स्पीडब्रेकर नसतात, मे महिन्यातलं बेचाळीस अंशांचं ऊन नसतं, मागच्या सीटवर तिघं नसतात. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा चालतो. तुमच्या खिशातून किती जाईल हे काढायला त्यातून पंचवीस टक्के तरी वजा करा. मी वर एर्टिगाला १५ धरले ते याच हिशेबानं, आणि हायवेवर सबुरीनं चालवली तर १७ ही येतात.

पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल त्यात जातं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लीटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणाच्या लीटरची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नव्या गाड्यांची इंजिनं त्याला जुळवलेली असतात म्हणून थोडं भरून निघतं, सगळं नाही. शेजारी पाच वर्षांपूर्वीचं मायलेज सांगत असतील तर हेही लक्षात घ्या.

शेजाऱ्यांचं सांगणं मी टाकाऊ म्हणत नाही. उलट, गाडी घेण्याआधी खरा आकडा मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग तेच आहेत, फक्त तोंडी आकडा घेऊ नका. शाळेतल्या सहकाऱ्यांकडे, दिरांच्या मित्रांकडे या दोन्ही गाड्या असतीलच. त्यांना एवढं करायला सांगा. सकाळी थंड वेळी पंपावर टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथंच थांबायचं. 'अजून थोडं बसतंय' म्हणत पंपावरचा मुलगा गोल रुपयांपर्यंत भरत जातो, ते करू द्यायचं नाही, कारण हिशेब तिथंच बिघडतो. ओडोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. चारशे किलोमीटर तरी चालवायची. मग त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलनं, पुन्हा पहिल्या बंदपर्यंत भरायची. जितके लीटर बसले त्याला चाललेल्या किलोमीटरनं भागून शंभरनं गुणा. असं लागोपाठ तीन वेळा केलं की आकडा विश्वासाचा होतो. डॅशबोर्डवर दिसणारं मायलेज बहुतेक गाड्यांत थोडं गोडच असतं, त्यावर जाऊ नका. आणि अंबाजोगाई ते बीड मोजायचं असेल तर जाऊन-येऊन मोजा. तुम्ही बालाघाटाच्या डोंगरावर राहता, बीडला उतरताना गाडी शहाणी वाटते आणि परतीच्या चढाला खरं वजन दाखवते.

शेताच्या रस्त्याचं म्हणाल तर दिरांशी मी सहमत नाही. आपल्या काळ्या मातीचा शिवरस्ता पावसाळ्यात कसा होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. चाकाला चिखल चिकटत जातो, टायरच्या खाचा भरतात, मग टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. स्कॉर्पिओच्या बहुतेक मॉडेलांत जोर फक्त मागच्या दोन चाकांना असतो. चारही चाकांना जोर असलेली स्कॉर्पिओ-एन काही ठरावीक डिझेल मॉडेलांत मिळते आणि तिची किंमत आणखी वर जाते. दोन चाकांवरची दोन टनांची गाडी काळ्या चिखलात एर्टिगाइतकीच रुतते, आणि रुतल्यावर काढायला ट्रॅक्टर तोच लागतो. कोरड्या दिवसांत खड्डे, धोंडे, वर आलेला चाकोरीचा मधला उंचवटा यांना स्कॉर्पिओ नक्कीच सरस आहे, त्यात वाद नाही. पण शेतात माणसं घेऊन तुम्ही वर्षातून किती दिवस जाता? पावसाळ्याच्या दिवसांत एर्टिगा डांबरीपर्यंत न्यायची आणि पुढचे दोन किलोमीटर मोटारसायकलनं किंवा पायी, असं बहुतेक शेतकरी घरं करतातच. त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस जास्त डिझेल जाळणं मला पटत नाही.

सासूबाईंचा विचार इंधनाच्या हिशेबाबाहेरचा वाटेल, पण तसा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच गाडीत चढणं म्हणजे दर वेळी कुणाचा तरी हात धरणं. आणि सामान. सहा माणसं घेऊन तुळजापूरला मुक्कामाला निघालात की तिसऱ्या सीटमागे एर्टिगात दोन बॅगा कशाबशा बसतात. स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी सीट उघडी असेल तर त्याहून कमी जागा उरते, आणि मग टपावर कॅरिअर येतं. टपावरचं सामान हवेच्या वाटेत थेट आडवं येतं, हायवेवर त्याचं इंधन वेगळं मोजावं लागतं. रिकामं कॅरिअरही खातं. ज्या घरी कॅरिअर लावतात तिथं ते वर्षभर काढत नाहीत, हे माझं पाहणं आहे. लागेल तेव्हा लावा, काम झालं की उतरवा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं करणं योग्य होणार नाही, जरी तुम्ही ती विचारलेली नाही. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी पाच तारे मिळाले. एर्टिगाला २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या दक्षिण आफ्रिकेच्या बाजारासाठीच्या चाचणीत एकच तारा मिळाला. ती गाडी भारतातच बनलेली होती. त्यानंतर एर्टिगात सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांत आल्या आहेत, पण ढाच्याचा प्रश्न एअरबॅगनं पूर्ण सुटत नाही. दर महिन्याला हायवेवर साडेचारशे किलोमीटर जाणाऱ्या घरानं हे वजनात धरायलाच हवं. दिरांनी हा मुद्दा मांडला असता तर मी त्यांच्या बाजूनं बराच झुकलो असतो.

सीएनजीबद्दल लोक तुम्हाला सांगतीलच. एर्टिगा सीएनजी किलोला एकवीस-बावीस देते असं धरा, वर्षाचा खर्च सत्तर हजारांच्या आत येतो, सगळ्यांत कमी. पण डिकीत सिलिंडर बसतं, सहा माणसांचं सामान मग टपावर. आणि तुमच्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठं आहे, तिथं गॅस रोज येतो का, रांग किती असते, हे आधी स्वतः जाऊन बघा. चौदा किलोमीटरच्या शाळेसाठी गॅसच्या रांगेत तासभर उभं राहणं तुम्हाला जमणार नाही. हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस लांबच्या प्रवासातही कमी पिते, अधिकृत आकडा २३.२४ आहे, पण किंमत पंचवीस लाखांच्या पुढची, म्हणून तिचा विचार इथं करत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या घराला डिझेलची, बॉडी आणि सांगाडा एक असलेली, बुटकी सेव्हन सीटर सगळ्यात जास्त मानवेल. डिझेलचा जो फायदा दिरांना हवा आहे तो मिळतो आणि आकाराचा जो तोटा तुम्हाला टाळायचा आहे तो टळतो. शाळेची चौदा किलोमीटरची वाट डिझेलला पुरेशी आहे. आजकालच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालावी लागते. फक्त मोंढा ते घर असं दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्यानं डिझेल घेऊ नये, पण तुमचं तसं नाही. दर महिन्याची संभाजीनगरची फेरी त्या फिल्टरला चांगलीच.

पैसे तितके नसतील तर पेट्रोल एर्टिगा घ्या, पण तिसऱ्या सीटवरच्या लेकरांनाही पट्टा लावायचा आणि नव्वदच्या वर जायचं नाही, या दोन अटींवर. डिझेल स्कॉर्पिओ घेतलीत तर इंधनात फार बुडणार नाही, पण सारख्या सोयींच्या मॉडेलांत पाच लाखांच्या आसपास जास्त मोजावे लागतील आणि कर्जावर घेतली तर त्याचं पहिल्या वर्षाचं व्याजच चाळीस-पंचेचाळीस हजार होईल. दिरांना हा आकडा कागदावर लिहून दाखवा. ते हिशेबी माणूस दिसतात, त्यांना समजेल. पेट्रोलची स्कॉर्पिओ मात्र नको, हे दोघांनी आजच ठरवून टाका.

शोरूमला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या आणि तिसरी सीट उघडून तिघा लेकरांना बसवून बघा. टेस्ट ड्राइव्ह गावात दोन चकरा मारून देतात, तेवढ्यावर थांबू नका. लातूर रोडला रेणापूरपर्यंत नेऊ द्या असं सांगा, सगळी माणसं भरून, एसी लावून. चढावर ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमते का ते तिथं कळेल. आणि कुठलीही घेतलीत तरी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेचे दोन आकडे छापलेले असतात, एक कमी माणसांचा, एक भरलेल्या गाडीचा. संभाजीनगरला निघण्याच्या सकाळी, टायर थंड असताना, दुसरा आकडा भरून घ्या.